छावणीतली झुलूंची लढाई

बा, गोऱ्यांची पलटण छावणी सोडून गेली. मैदान मोकळं पडलंय, पण रस्त्यावर बंदुका घेतलेली माणसं पुन्हा दिसू लागलीत, या वेळी आपल्याच मुलखातली. त्यांना पाहिलं की मला तू आठवतोस, अंगभर काजळी फासलेला. तू मला मिशनच्या शाळेत घातलंस म्हणून हे लिहिता तरी येतंय.

तू काजळी फासलीस तेव्हा मी लहान होते; त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. हर्सूलच्या तळ्याकडं गवताची काडी नव्हती आणि मेंढरं रोज मरत होती. गवत होतं ते फक्त छावणीच्या कुरणात. अशात पलटणीच्या जमादारानं निरोप आणला. साहेबलोक मैदानावर एका जुन्या लढाईचा खेळ करणार होते. आफ्रिकेत झुलू लोकांनी गोऱ्यांना डोंगरापाशी घेरलं आणि शेवटच्या माणसापर्यंत कापून काढलं, ती लढाई. झुलू व्हायला काठी चालवणारे धनगर हवे होते. खेळ साहेबांच्या मनासारखा झाला तर कुरण आपल्या मेंढरांना खुलं. "तुम लोगां जीतते, गोरे सब मरते," जमादार म्हणाला, आणि तू इतका हसलास की तुला ठसका लागला.

आई हसली नाही. तव्याची काजळी तुझ्या पाठीला चोळताना म्हणाली, "हे काय कमी काळे हायेत? अन् त्यांच्या बंदुकीत काय भरलंय ते कुणी पाह्यलंय व्हय?"

"बार खोटा हाये म्हणं."

"म्हणं!" आई एवढंच बोलली.

मी दोरीमागं आईचा पदर धरून उभी आहे. जुन्या चालीचे लाल डगले घातलेले गोरे तुमची काठी लागताच एकेक करून पडतात. आधी टाळ्या होतात, मग त्याही थांबतात. इतके गोरे मातीत आडवे आणि त्यांच्या उशाशी आपली माणसं उभी, असं तिथल्या कुणीच कधी पाहिलेलं नसतं. शेवटी उरतो एक सार्जंट, निशाणापाशी. तू त्याच्या छातीला काठी लावतोस. त्यानं आता पडायचं असतं. तो पडत नाही. बंदुकीचं तोंड तो तुझ्या पोटाला टेकवतो. तू काठी डोक्यावर उचलतोस. आईची बोटं माझ्या खांद्यात रुततात.

मग तू काठी खाली ठेवलीस आणि त्याच्या पायाशी आडवा झालास, मेल्यासारखा. तुझं पाहून बाकीचेही झोपले. मेलेले गोरे उठून ओरडू लागले, टोप्या उडवू लागले.

कुरण मिळालं. मेंढरं जगली. वस्तीवरची माणसं मात्र तुझ्या पाठीमागं कुजबुजायची, "जितलेली लढाई हरून आला." तू एकदाच बोललास, "त्याचं बोट चापावर थरथरत व्हतं. मी गेलो असतो तर मेंढरं कुणी राखली असती? तुला कुणी पाह्यलं असतं?" खरंच होतं ते, बा. त्या मेंढरांवरच मी वाढले, शिकले.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, चुलीतच घालणार आहे. तेव्हा आता लिहिते. ती काठी वर होती तेव्हा तू जगावास असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ती त्या सार्जंटच्या डोक्यावर खाली यावी, एवढंच मला वाटत होतं.