मुंडकं नसलेली मासिकं

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार

आणि हे सगळं माझ्याच डोक्यावर का? नऊ पेट्या आहेत बेसमेंटमध्ये, त्या काय मी माहेरून आणल्या? पण नाही — सकाळी चहाचा कप हातात आणि ह्यांचं सुरू. "तुझ्या लेकीचा कचरा हलव." लेक माझी! शाळेत पहिली यायची तेव्हा ह्यांची होती.

ह्यांचा पुतण्या कृष्णा येतोय पुण्याहून, बायकोला घेऊन. नोकरी इथेच, शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये. अपार्टमेंट मिळेपर्यंत आमच्या बेसमेंटमध्ये राहणार. एक नोव्हेंबरचं विमान. मला न विचारता हो म्हणून टाकलं, आणि आता म्हणे, "त्याला काय पेट्यांवर झोपवू?"

शेजारच्या सीमाची मुलं घर सोडताना सगळं घेऊन गेली. एक मोजा मागे ठेवला नाही. आमची सिया आठ वर्षं बाहेर आहे. विमानाने चार तास लांब, बेलव्ह्यूला कंप्युटरपुढे बसते, आणि तिची हिपहॉपची मासिकं इथे माझ्या लोणच्याच्या बरण्यांना धक्के देतात.

फोन केला. मशीनच बोललं. मग मीही मशीनला सांगितलं — "सिया, आई बोलतेय. तुझी मासिकं काढायची राहिलीत. बाबा कटकट करतायत. कधी येऊन काढतेस ते सांग." ठेवला. मशीनशी जास्त काय बोलायचं.

४ ऑक्टोबर

फोन नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हॉटेलात दोनशे चादरींच्या घड्या घातल्या. गुडघे बोलतात. मी त्यांना उत्तर देत नाही.

बेसमेंटमध्ये तांदूळ आणायला गेले तर पेटीला पाय लागला. वाकून नमस्कार केला. सवय! छापलेल्या कागदाला पाय लागला की हात आपोआप कपाळाला जातो. आत देवाचं असो नाहीतर त्या रॅपवाल्यांचं.

कचरा म्हणतात हे. ह्यांना काय माहीत.

राजेशभाईंच्या दुकानात बारा वर्षं राबले मी. ब्याण्णव ते दोन हजार चार. स्टेशनासमोर छोटं दुकान — पेपर, लॉटरी, सिगारेटी आणि मासिकांची एक अख्खी भिंत. नवा अंक आला की जुना न खपलेला परत करायचा. पण पूर्ण नाही, टपालाला जास्त पडतं. फक्त वरचं पान फाडून पाठवायचं, तेवढा पुरावा त्यांना पुरतो. बाकीचं फेकायचं. राजेशभाई म्हणायचे, "सुवर्णाबेन, मुंडी वापस, धड कचरा."

पहिल्या दिवशी माझा हातच चालेना. सातवीतून शाळा सुटली माझी. आम्हा तीन बहिणींत एक पुस्तक होतं, पाळीपाळीने वाचायचो, पान दुमडलं तरी मार. आणि इथे करकरीत कोरं मासिक, त्याचं मुंडकं उडवायचं!

सिया तेव्हा बारा वर्षांची. शाळेत कुणाशी बोलायची नाही. एक दिवस म्हणाली, आई, ते हिपहॉपचं आणशील? राजेशभाईंना विचारलं. ले जाओ, मैंने नहीं देखा, म्हणाले. घरी आणलं तर ही रडायलाच लागली. याला तोंडच नाही, पोरं हसतील.

म्हटलं, थांब. वाणसामानाची खाकी पिशवी होती, ती कापली. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालतो तसं कव्हर घातलं, दोन टाके मारले. तरी हिचं तोंड वाकडंच. "पण वर कोण होतं?"

कोण होतं ते मला माहीत होतं. मीच फाडला होता ना त्याला! पोळ्या लाटता लाटता सांगितलं. टोपी उलटी. एक डोळा बारीक, उन्हात बघतो तसा. गळ्यात साखळी, गाईला बांधतात तेवढी जाड. कुणीतरी उसने नेऊन परत न दिल्यासारखं तोंड. हं, काढ.

तिने काढला. ओट्यावर चढून बसली आणि पेन्सिलीने काढला. दुसऱ्या दिवशी शाळेत नेलं. वर्गातल्या पोरांनी बघितल्या बघितल्या त्याचं नाव घेतलं. त्या दिवशी माझी मुलगी घरी पळत आली.

मग सहा वर्षं हेच. मी सांगायची, ती काढायची. झालं की ती आतलं वाचून दाखवायची, एकेका ओळीवर बोट ठेवून. माझं इंग्रजी तिथलं. नागरिकत्वाच्या परीक्षेला साहेबाने एक वाक्य वाचायला दिलं, मी धडाधड वाचलं. कुठे शिकलात, म्हणाला. काय सांगणार त्याला.

९ ऑक्टोबर, सोमवार

सहा दिवस झाले. एक फोन करायला किती वेळ लागतो?

आज बस दुकानावरून गेली. आता तिथे सेलफोन विकतात. खिडकीत नुसते फोन लटकलेत. आत गिऱ्हाईक एक.

आमच्या वेळी महिन्याचा तो गुरुवार म्हणजे जत्रा असायची. गठ्ठा यायचा, वरची प्लास्टिकची पट्टी मी कापायची, शाईचा वास नाकात जायचा, आणि दारात पोरं उभी. दोघं मावतील एवढ्या पँटी. "आंटी, आला का?" फुकट वाचत उभी राहायची, मी ओरडायची, तरी उभी. पानावरून भांडायची — हा मोठा की तो मोठा. एकदा मला विचारलं, आंटी, तू कुणाच्या बाजूने? मी म्हटलं, जो उधार मागत नाही त्याच्या. मग दर महिन्याला मलाच विचारायची.

त्या रॅपवाल्यांतल्या दोघा मोठ्यांना गोळ्या घालून मारलं, सहा महिन्यांच्या अंतराने. तेव्हा एकही पोरगं भांडलं नाही. चुपचाप विकत घेतलं आणि गेली. त्या दोन महिन्यांत फाडायला एकही अंक उरला नाही. म्हणून ते दोन सियाला मी विकत आणले. तिच्याकडे तोंडं असलेले तेवढेच दोन.

अठ्ठ्याण्णवला अंक एवढे जाड झाले की पाट म्हणून बसावं. सगळ्या बुटांच्या जाहिराती. मग बारीक होत गेले. पोरंही कमी झाली. शेवटी शेवटी मी गठ्ठा सोडायची आणि तसाच बांधून ठेवायची.

कुणाला सांगू हे? ह्यांना? हे म्हणतील, बरं झालं, दुकानाची कटकट गेली.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आला फोन.

मी नेहमीसारखं सुरू केलं, जेवलीस का, थंडी आहे का. हं, हं, एवढंच. मग म्हटलं, अगं त्या मासिकांचं काय?

मग म्हणाली, "आई, आय डोन्ट ड्रॉ एनीमोअर."

मी म्हटलं, हे काय मध्येच? चित्राचं कोण बोलतंय?

"तू मेसेज ठेवलास ना. काढायची राहिलीत, कधी येऊन काढतेस. मी दहादा ऐकला. आठ वर्षांनी तू मला परत काढ म्हणतेस? तूच म्हणालीस ना, बंद कर?"

अगं, पेट्या काढ म्हणाले मी! पेट्या! पण ते तोंडातून निघेचना. काढ म्हणजे आमच्या घरी एकच अर्थ होता. पोळी लाटता लाटता, हं, काढ. ही पोरगी मराठी तेवढीच शिकली.

शेवटी सांगितलं की बाबा बेसमेंट रिकामं करतायत. "ओह," म्हणाली. "ओके. देन जस्ट रिसायकल इट." मग मीटिंग आहे म्हणाली. ठेवला.

दहा दिवस वाट बघत होती का ती? का ठरवत होती?

१४ ऑक्टोबर

दिवसभर तो एकच शब्द. चादर काढ. भांडी काढ. कचरा काढ.

१५ ऑक्टोबर, रविवार

लिहूनच टाकते. वाचणार कोण आहे.

अठ्ठ्याण्णव साली शिकागोच्या चित्रकलेच्या कॉलेजचं पत्र आलं होतं तिला. घेतो म्हणाले होते. हे ओरडले, पण ह्यांच्या ओरडण्याला ती कधी भ्यायली नाही. ती माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हटलं — चित्रं काढून पोट भरत नाही, आता काढणं बंद कर. आत्ता लिहितेय त्याच टेबलावर कोथिंबीर निवडत म्हटलं. मान वरसुद्धा केली नाही.

तिने बंद केलं. कंप्युटरला गेली. आता कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधते. पगार चांगला आहे. मला जे पाहिजे होतं ते झालं की.

आणि दुसरं खरं म्हणजे नऊ पेट्यांतल्या चारच तिच्या. पाच माझ्या.

ती गेल्यावरही मी आणत राहिले, तोवर तसली दोन मासिकं यायला लागली होती. दुकान बंद होईपर्यंत, सहा वर्षं. मुंडकं उडवायचं, धड पिशवीत टाकून घरी. खाकी कव्हर, दोन टाके. पण सांगू कुणाला? मग कव्हरवरच लिहायला लागले, माझ्या मराठीत. विसरू नये म्हणून. सुट्टीला येईल तेव्हा काढेल म्हणून. सुट्टीला यायची, दोन दिवस राहायची, बेसमेंटमध्ये कधी उतरली नाही. मीही बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार.

१८ ऑक्टोबर, बुधवार

कामावरून आले तर पेट्या रस्त्याच्या कडेला! आज रिसायकलची गाडी. ह्यांनी सकाळी नऊच्या नऊ बाहेर नेऊन ठेवल्या, कंबरेचा पट्टा लावून. लेक टाका म्हणालीच आहे, म्हणे.

पर्स गवतात ठेवली आणि एक पेटी उचलली. आत. दुसरी. आत. गाडी कोपऱ्यापर्यंत आली होती. सीमा खिडकीतून बघत होती, बघू दे. चौथ्या पेटीला गुडघा वाकला आणि पेटीचा तळ सुटला. सगळी मासिकं ड्राइव्हवेवर.

हे आले धावत. वाटलं आता चिडणार. वाकून एक उचललं, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं:

"दोघे पाठीला पाठ लावून. डावा रडून आलाय पण दाखवत नाही. उजव्याचं तोंड जावई पसंत नसल्यासारखं."

माझ्याकडे बघितलं. दुसरं उचललं. "बाई आहे. केस सोनेरी, मुळाशी काळे. ही कुणाचं ऐकणार नाही. आपल्या सियासारखी उभी."

ते वाचून हसले नाहीत.

"हे कधी लिहिलंस?"

"तुम्ही बातम्या बघत होता तेव्हा."

"सगळ्यांवर?"

"एकशे अडतीस."

गाडीवाला थांबून हॉर्न वाजवायला लागला. ह्यांनी हाताने त्याला जा म्हटलं. मग उरलेल्या पेट्या आत आणल्या. बोलले एवढंच — "अक्षर चांगलं आहे तुझं." तीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं असेल.

१९ ऑक्टोबर

ह्यांनी सियाच्या खोलीतलं आपलं चालायचं मशीन गॅरेजमध्ये नेलं. पेट्या आता तिच्या खोलीत. कृष्णा बेसमेंटमध्ये झोपेल. झालं असतं हे पंधरा दिवसांपूर्वीच. पण नाही.

२० ऑक्टोबर

चकल्या तुटल्या. मन लागत नाही. फोनजवळ जाते आणि परत येते.

२१ ऑक्टोबर २००६, लक्ष्मीपूजन

पूजा झाली. हे म्हणाले, लाव फोन. लावला. मशीनच होतं. बरंच झालं.

बोलले ते इथे लिहून ठेवते, नंतर नाही म्हणायला नको — "सिया, आई बोलतेय. बंद कर म्हणाले होते, ते परत घेतलं. पेट्या काढायला नाही बोलावत. वर तुझ्या खोलीत एकशे अडतीस कोरी तोंडं पडलीत, ती काढायला ये. पेन्सिलीने. मी पोळ्या लाटत सांगेन, मला अजून सगळी आठवतात. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. येतेस की नाही? पुढच्या रविवारपर्यंत सांग. मशीनला नाही, मला."