टेकवून ठेवलेल्या फळ्या

१६ सप्टेंबर

ती. ताईस,
बंड्याचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. आपल्या चुलत दादाने माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाकडे येणारा, आमच्या दोन घरांमधला बोळ फळ्यांनी बुजवून टाकला आहे. बोळ दोघांचा, पण साहेबांच्या सुतारकामाचा माल तिथे ऐसपैस पसरलेला. गिऱ्हाइकाने सायकल काय डोक्यावर घेऊन यायची? दोनदा सांगितलं. तो रंधा मारत राहिला, मान वर केली नाही. आता रविवारी सगळ्या फळ्या रस्त्यावर फेकणार आहे. आडवा आला तर त्यालाही सोडणार नाही. बायको म्हणाली, आधी ताईंना लिहा. म्हणून कळवतो, परवानगी मागत नाही.

दोन ऑक्टोबरला तुमच्या वाचनालयात तुझं अहिंसेवर भाषण आहे म्हणे. छान. मी तो विषय यंदा ऑप्शनला टाकला आहे.

लोभ आहेच, तो फळ्या फेकल्यावरही राहू दे.
तुझा बंड्या

१९ सप्टेंबर

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पेन इतकं दाबून लिहिलंस की कागद फाटला आहे. अरे, तुम्ही दोघं एका ताटात जेवलेले. फळ्या रस्त्यावर गेल्या की दादाचं घरही तुला परकं होईल. मग मी आले की कुणाकडे उतरायचं? एका घरी चहा प्यायला म्हणून दुसऱ्या घरचे तोंड फिरवणार. या वयात मला ते झेपायचं नाही.

भाषणासाठी वाचते आहे. दोन ऑक्टोबर हा गांधीजींचा जन्मदिवस, हे तुला पाठ आहे. पण जगाने तो अहिंसेचा दिवस म्हणून धरला २००७ साली. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला, तोही मतदान न घेता, सर्वांच्या संमतीने. एरवी हे देश खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरही भांडतील.

आणि अहिंसा म्हणजे गप्प बसणं नव्हे, बाबा. गप्प बसलास तर बोळ बुजलेलाच राहील. हक्क सोडायचा नाही आणि माणूसही सोडायचा नाही, एवढीच काय ती मेख. बोळ मोकळा कर, पण दादाला आधी सांगून, दिवसाढवळ्या, आणि त्याच्या एकाही फळीला ओरखडा न पाडता.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. तिचं ऐकत जा.
तुझी ताई

२७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

तुझ्या अहिंसेने माझी कंबर मोडली. दादाला आधी सांगितलं. मग रोज सकाळी मी आणि बायको दोन टोकांना धरून फळ्या उचलतो, त्याच्याच पडवीत भिंतीला ओळीने टेकवतो, मी सायकली लावतो तशा. संध्याकाळी तो त्या पुन्हा बोळात आणतो. गल्लीला फुकटचा तमाशा.

आज मात्र तो तरातरा आला आणि त्याने माझी कॉलर धरली. माझ्या हातात पाना होता, ताई. मला माझीच भीती वाटली. पाना खाली ठेवला. दादा ओरडला, "गाढवा, फळी अशी ठेवतात का?" मला एवढंच सुचलं, "मग कशी ठेवतात, दाखव."

त्याने कॉलर सोडली. मग आत निघून गेला. पुढे काय होईल ठाऊक नाही.

तुझा बंड्या

३ ऑक्टोबर

चि. ताईस,
सगळे तुला ताई म्हणतात म्हणून मीही, मोठा असलो तरी. आशीर्वाद.

तुझं पत्र बंड्याने दाखवलं. आता माझी बाजू ऐक. माझ्या शेडचं छप्पर गळतं. बोळावर पत्रा आहे, म्हणून माल तिथे हलवला. बंड्या विचारायला आला असता तर सांगितलं असतं. तो आला नाक वर करून, मग मीही रंधा सोडला नाही.

फळी आडवी ठेवायची असते, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी. उभी टेकवली की ती वाकते, तिचं पोट सुटतं. या शहाण्याने माझ्या चांगल्या फळ्या सायकलींसारख्या उभ्या केल्या! जीव तुटत होता माझा. फळी कशी ठेवायची हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं, घरच्यांनीही नाही. त्याने विचारलं आणि माझा राग कुठे गेला कळलं नाही.

काल दोघांनी मिळून त्याच्या दुकानात सायकलींच्या वर पाईप आडवे टाकले. छप्पर होईपर्यंत माल तिथे राहील. पट्ट्या त्याने घातल्या, अगदी सरळ.

खरं सांगू? तो फळ्या फेकणार आणि मी त्याला दोन ठेवून देणार, अशी माझी पुरती तयारी होती. पण ती दोघं रोज माझी फळी झोपलेल्या पोरासारखी अलगद उचलून नेत होती. तशा माणसावर हात कसा उचलायचा?

तुझं भाषण कसं झालं ते कळव. आणि कुणाकडे उतरू म्हणून काळजी करू नकोस. बोळ मोकळा आहे, बॅग घेऊन हव्या त्या दाराने ये. लोभ असावा, माझ्यावर थोडा जास्त.

तुझा दादा