भगवानरावाचं पाणी

प्रिय समू,

रविवारी फोनवर तू पाचवा महिना लागल्याचं सांगितलंस आणि लगेच म्हणालीस, "आई, ओटी भरली की मी येतेच. माझी खोली आवरून ठेव." मी हो म्हटलं. फोन स्पीकरवर होता. तिकडे पुण्यात तुझ्या सासूबाई जवळ, इकडे तुझे बाबा. अशा वेळी हो म्हणण्यावाचून काय बोलणार? फोन ठेवल्यावर बाबा गोठ्याकडे गेले आणि जेवायला हाका मारल्या तरी आले नाहीत. म्हणून हे पत्र. दुपारी निवांत असशील तेव्हा वाच.

इकडे कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, तूर फुलावर आहे. तुझा दादा आणि वहिनी दिवसभर शेतात असतात. त्यांची निकिता माझ्यापाशी. आता लिहिते आहे तर ती माझ्या पाठीला टेकून पाटीवर मोर काढत बसली आहे.

तुला आठवायचं नाही, तू रांगत होतीस. त्या वर्षी संक्रांतीलाच गावची विहीर आटली. बाया नाल्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. तेव्हा तुझ्या बाबांनी गोठ्यामागे बोअर मारायला घेतला. मशीनच्या गाडीवरची पोरं मद्रासकडची, त्यांची बोली कोणाला कळेना. दिवसभर राखेसारखी धूळ उडाली, सगळ्यांनी आशा सोडली, आणि मग एकदम पाणी उसळलं. शेजारच्या हंसाबाईनं तिथंच हळदकुंकू वाहिलं. बाबांनी तोटी कुंपणाबाहेर काढली, कोणाला विचारायची वेळ येऊ नये म्हणून. तांड्यावरची रुपीबाई डोईवर पाण्याचा पितळी गुंड घेऊन यायची आणि म्हणायची, "भाऊ, लय थंडं पानी हाय तुयं. देव तुले सुखात ठेवो." गाव त्याला भगवानरावाचं पाणी म्हणू लागलं. तसं कोणी म्हटलं की बाबा उगाच दुसरीकडे बघायचे, पण चेहरा फुललेला असायचा.

तुझे दुधाचे दात पडून नवे आले ते खडूसारखे ठिपके घेऊन. मग त्यांवर पिवळे पट्टे आले, पुढे तपकिरी. गुरुजी म्हणायचे, दात घासत जा. तू राखेनं घासघासून हिरड्यांतून रक्त काढायचीस. वर्गातल्या निम्म्या पोरांचे दात तसेच होते, त्यामुळे कोणाला त्याचं नवल नव्हतं. यवतमाळला कॉलेजात गेलीस तेव्हा मात्र हसताना तोंडावर हात धरायला शिकून आलीस. तुझ्या लग्नाचा अल्बम मी अजून काढून बघते. एकाही फोटोत तुझे दात दिसत नाहीत.

तुझ्या लग्नानंतर ढवळ्या लंगडायला लागला. भरातला बैल, पण कडबा तोंडात नुसता धरून उभा राहायचा, चावायचा नाही. दारव्ह्याहून गुरांचे डॉक्टर आले. जबडा उघडला तर दात झिजून पार हिरडीला टेकलेले. त्यांनी विचारलं, पाणी कोणतं पाजता? बाबांनी मोठ्या अभिमानानं तोटी दाखवली. डॉक्टरांनी ओंजळीत पाणी घेऊन बघितलं. मग म्हणाले, हे तपासून घ्या.

पाणी तपासलं ते तुझ्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सुचित्रा मॅडमनी. त्या स्वतः घरी आल्या आणि आम्हाला ओसरीत बसवून त्यांनी समजावलं. पाण्यात फ्लोराइड आहे. ते कोणी टाकलेलं नाही, खालच्या खडकातूनच येतं. उथळ विहिरीत कमी, खोल बोअरात जास्त. त्याला रंग नाही, वास नाही, उकळलं तरी ते जात नाही. वर्षानुवर्षं पीत राहिलं की दातांत बसतं, मग हाडांत आणि सांध्यांत. वाढत्या लेकरांना त्याचा त्रास जास्त. बाबा ऐकता ऐकता उठून उभे राहिले. "म्हंजे मी गावाले जहर पाजून राह्यलो होतो का, मॅडम?" त्या कळवळून म्हणाल्या, "काका, तुम्ही पाणी पाजलंत. आत काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं." पण त्या दिवसापासून तुझ्या बाबांनी कोणाला पाणी हवं का म्हणून विचारलेलं नाही. पाहुणा आला तरी मीच तांब्या पुढे करते.

एवढं तुला ठाऊक आहे. गावात शुद्ध पाण्याचं मशीन बसलं, तेही मी तुला सांगितलं होतं. ते बंद पडलं, हे सांगितलं नाही. आतली जाळी खराब झाली, दुरुस्तीला कोणी फिरकलं नाही, आणि बाया पुन्हा आपल्या तोटीला घागरी लावू लागल्या. एका सकाळी बाबांनी मोटर वर काढली आणि पाइप कापून टाकला. गल्लीत काय भांडणं झाली म्हणून सांगू! जिनं कुंकू वाहिलं होतं ती हंसाबाईच अंगणात उभी राहून ओरडली, "जहर असन तं असन, भगवानराव! उद्या लेकरायले काय पाजू मी, थे सांगा!" बाया आता दुसऱ्या गल्लीतल्या बोअरवर जातात. तेही पाणी तसलंच आहे. आपल्या घरी तुझा दादा आर्णीहून मोटरसायकलवर शुद्ध पाण्याचा कॅन बांधून आणतो. त्याचं शेतातून निघणं झालं नाही की मी आणि बाबा त्या बोअरचंच पितो आणि कॅनमधलं निकितापुरतं राखून ठेवतो.

निकिताचे पाय गुडघ्यातून आत वळायला लागले आहेत, समू. पळताना गुडघ्यावर गुडघा आपटतो आणि ती पडते, मग आपणच हसत उठते. नागपूरच्या डॉक्टरांनी पाणी बदलायला सांगितलं. दूध, शेवगा, आवळा द्या म्हणाले. लहान आहे, कदाचित सरळ होतील, नाहीतर मोठी झाल्यावर ऑपरेशन करू. घरात सगळे त्या 'कदाचित'ला धरून आहोत.

माझी बाई, बाळंतपणाला इकडे येऊ नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी, ही माझीही हौस होती. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, दोन-तीन महिने प्यायल्यानं फार बिघडत नाही, कॅनचं पाणी वापरा. पण कॅन न आलेल्या दिवशी मी तुझ्या हातात कोणता पेला देऊ? काल तुझे बाबा म्हणाले, "तिले लिहून टाक, येऊ नको म्हना. माह्यानं बोलनं होनार नाही." आणि मी फोनवर बरी आहे म्हणते, तेही खरं नाही. माझे गुडघे आता वाकत नाहीत. पाय पसरून खाली बसता येत नाही, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ कशी घालणार? ते तुझ्या सासूबाईंनाच करू दे. टाळूवर तेल घालताना हात हलका ठेवा म्हणावं. बारशाला आम्ही दोघंही येऊ. बाबांना पाहून घाबरू नकोस. मणक्याचं दुखणं म्हणून तुला सांगत होतो, पण आता ते कमरेतून पार वाकले आहेत, मान वर होत नाही. बाळ कोणाच्या खांद्याशी असलं तर त्यांना दिसायचं नाही. आम्ही आत आलो की त्याला खाली सतरंजीवर निजव. मग ते डोळे भरून बघतील.

तुला पोटाशी धरून,
तुझीच
आई