गाठीला हार्मोन कशाला

नाना, पेपराने प्रोस्टेटच्या कर्करोगावर लेख मागितला होता, तो आज दुपारी वेळेआधीच देऊन टाकला. हार्मोन तोडल्यावरही ही गाठ पुन्हा का वाढते, एवढाच विषय. लिहिताना मात्र सगळा वेळ तुमच्याशीच बोलत होते.

नाशिकच्या डॉक्टरांनी 'हार्मोनची ट्रीटमेंट' म्हटलं, तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलाच होतात. "मणी फुगवायला आम्ही द्राक्षाचा घड हार्मोनमधी बुडवतो, आन् तुम्ही गाठीला हार्मोन देता?" डॉक्टर हसले नाहीत. हे इंजेक्शन उलट शरीरातलं पुरुषी हार्मोन बंद करतं, गाठीची उपासमार करतं, असं त्यांनी समजावलं, तेव्हा कुठे तुम्ही पुन्हा बसलात.

काही वर्षं ते चाललं. मग रक्ततपासणीतला, गाठ वाढतेय हे सांगणारा आकडा चढू लागला. द्राक्षतोडणीच्या गडबडीत एकदा इंजेक्शनला थोडा उशीर झाला होता. त्यानेच घात झाला, असं तुम्ही धरून बसलात. जेवण सुटलं. आई म्हणाली, "तू पेपरात एवढं लिहिते, मग यांच्या डोक्यात काहीतरी घाल ना."

मी डॉक्टरांना गाठलं, वाचलं आणि पडवीत तुमच्यासमोर येऊन बसले. पेशीत हार्मोन पकडणारं एक प्रथिन असतं. हार्मोन मिळालं की ते पेशीच्या केंद्रात जाऊन वाढीचा हुकूम देतं. हार्मोन तुटलं की बहुतेक पेशी खंगतात. पण काही पेशी ते प्रथिन इतकं बनवतात की हार्मोनचा थेंबही पुरतो. काही स्वतःच हार्मोन तयार करतात. काहींत ते प्रथिन अर्धवटच बनतं, हार्मोन पकडणारा भाग नसलेलं, आणि हार्मोनशिवायच हुकूम देत राहतं. एकही इंजेक्शन न चुकवलेल्यांनाही हे होतं, नाना.

"म्हंजे पाणी तोडलं तरी वेल हिरवाच."

"हो."

"लय चिवट हाय गं. मग माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"आईला सांग, भाकर टाक."

त्यानंतरचं ते द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र. मी बातमीसाठी आले होते. प्रश्नांची वेळ झाली आणि माइक तुमच्या हातात. "मण्याचं झालं, आता माझं ऐका. लघवीला त्रास झाला तर लाजू नका, दाखवा. मी लाजलो, दुखणं हाडात गेलं." मागून कुणीतरी ओरडलं, "नाना, हे दुखणं कोणत्या वाणाचं?" "माझ्याच. साठीच्या पुढच्या." हशा पिकला. पण चहाच्या वेळी माणसं तुमच्याभोवती जमून हळू आवाजात काहीबाही विचारत होती. आपलं असं दुखणं भर मंडपात बोलणारा दुसरा माणूस मी आपल्या शिवारात पाहिला नाही.

आजच्या लेखात पेशी आहेत, तुम्ही नाही. हे वेगळं लिहिलंय आणि ते माझ्यापाशीच राहील. एक मात्र सांगते. त्या मंडपात शेजारी बसलेल्या माणसाने मला काहीच विचारलं नव्हतं. तरी मी त्याला म्हणाले, "ते माझे वडील आहेत." त्याने नुसती मान हलवली, म्हणून मी पुन्हा एकदा सांगितलं.