केकवर लिहिलेली चूक

बाबा, काल ऑफिसात आम्ही केक कापला. त्यावर क्रीमने ‘आमची पहिली चूक’ असं लिहिलं होतं.

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या एका शेतकऱ्याच्या दोन एकरांत आमच्या संस्थेने पेरणीचं नवं यंत्र चालवून दाखवलं होतं. बी किती खोल पडावं ते यंत्रावर मीच ठरवून दिलं. सोयाबीन फार खोल गेलं आणि उगवलं नाही. त्याच आठवड्यात वाशीमला आमचं नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं. शहरातून आलेल्या सरांनी पडद्यावर राजे दाखवले, तत्त्वज्ञ दाखवले. नवं काही करणारे चुकायला घाबरत नाहीत, अपयश साजरं करा, म्हणाले. एका हरलेल्या लढाईची गोष्ट सांगून राजा त्यातून काय शिकला तेही सांगितलं. त्या लढाईत मेलेल्यांच्या घरी कोण गेलं, ते मात्र सांगितलं नाही. आमच्या साहेबांना हे फार पटलं, म्हणून केक. ज्याचं वावर रिकामं पडलंय त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या चुकीचा वाढदिवस त्याच्या जमिनीच्या जिवावर, आणि टाळ्या आम्हीच वाजवतोय. मला फार संताप आला. तरी केकची बशी हातात घेऊन सगळ्यांबरोबर उभी राहिले.

तुमचं शेलूबाजारचं सुतारकामाचं दुकान आठवत राहिलं. त्या वर्षी बियाण्याला ओल मिळावी म्हणून तुम्ही बैलांनी ओढायच्या एका पेरणीच्या तिफनीचे मातीत जाणारे फण लांब केले होते, आणि ज्याने ती नेली त्याचं वावर असंच मोकळं राहिलं. मी कॉलेजातून सुटीवर आलेली. तुम्ही लाकूड तासायचा वाकस खाली ठेवता, टोपी घालता. मी म्हणते, पाऊस कमी पडला म्हणून सांगा, कोण विचारतंय. तुम्ही चप्पल घालता घालता थांबता.

‘पाऊस काय त्याच्याच वावरात कमी पडला?’

एवढंच. तुम्ही निघालात आणि मी मागोमाग आले. त्याच्या ओट्यावर चार माणसं बसलेली असताना तुम्ही उभ्यानेच सांगितलंत, ‘फण म्या लांब केले. चूक माही हाय.’ तो म्हणाला, ‘मिस्त्री, शाळा शिकाले माहंच वावर सापडलं काय तुमाले?’ सगळे हसले. तुम्ही मान हलवलीत आणि दुसऱ्या दिवशी फण कापून, घरचं बी घेऊन त्याच्या बैलांमागे चालत राहिलात. पुढच्या वर्षी तुमची नवी तिफन आधी माझ्याच वावरात चालवा, असं म्हणत तोच दुकानात आला होता. कुठल्याही पडद्यावर हे नव्हतं.

आज सकाळी मी त्या मालेगावकडच्या शेतकऱ्याकडे गेले. चूक माझी म्हणायचं, वाटेत सगळं ठरवलं होतं. त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, बियाणं कमजोर निघालं.

तो रागावलाही नाही. ‘ताई, तेच बियानं म्या बांधाच्या पल्याड तिफनीनं पेरलं ना. ते तं निंगालं.’

साहेबांना विचारते म्हणाले आणि गाडी सुरू केली.

पुन्हा पेरायला अजून चार-पाच दिवस आहेत, बाबा. तुम्हाला सांगणं सोपं आहे, म्हणून तुम्हाला सांगत बसले. त्यातला आजचा दिवस गेला.