पितळेचा भोंपू आणि माझी अक्कलहुशारी

मी, मालिनी ढुंढिराज गायधनी, वय बासष्ट, व्यवसाय शिवणकाम, राहणार द्वारकेजवळ, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते ऐसाजे. गुडघे सोडले तर प्रकृती बरी आहे. मरायची घाई नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आमच्या घरात दबाव टाकण्याचं काम आजवर मीच करत आले आहे.

वकीलसाहेबांनी मला जो मायना लिहून दिला, त्यात 'पूर्ण शुद्धीवर असताना व अक्कलहुशारीने' असे शब्द आहेत. बाकीची माणसं ते न वाचता उतरवून काढतात. मला तसं करून चालणार नाही. माझा मुलगा दिवाकर चारचौघांत सांगत फिरतो की आईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. कारण काय, तर मी टीव्हीवरच्या कार्टूनमधली आगगाडीची इंजिनं जमवते. उद्या कोर्टाने त्याचं ऐकलं तर हा कागद रद्दी ठरेल आणि माझी सून उत्तरा रस्त्यावर येईल. म्हणून मी सगळं सविस्तर लिहिणार आहे. वाचणाऱ्याने बूड टेकून वाचावं.

कलम १. राहतं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीवरच्या अँटेनाचा हक्क. हे घर माझ्या नावावर आहे. यजमानांचा फंड आणि माझं शिवणाचं मशीन, दोघांनी मिळून ते घेतलं. हे सगळं मी उत्तराला देते. तिचा नवरा, म्हणजे माझाच दिवाकर, पाच वर्षांपूर्वी बदलीच्या निमित्ताने ठाण्याला गेला आणि तिथे दुसरा संसार मांडून बसला. भांडण नाही, काडीमोड नाही, साधं सांगणंही नाही. लोक मला म्हणाले, सुनेला माहेरी पाठवून द्या. मी म्हणाले, गेला तो गेला, राहिली ती माझी. आता दिवाकरला हे घर विकायचं आहे. ते विकू नये एवढ्याचसाठी मी आज लिहायला बसले आहे.

कलम २. पोस्टातले पैसे उत्तराला. त्यातून माझे दिवस साधेपणाने करावेत. तेराव्याला श्रीखंड करू नये. ते मला फार आवडतं, आणि मी नसताना ते इतरांनी ओरपावं हे मला पटत नाही.

कलम ३. शिवणाचं मशीन, कात्र्या आणि गुंड्यांचा डबा माझी विद्यार्थिनी मंगलाबाई हिला. ती अजूनही बाही उलटी लावते, पण मशीनला तेल वेळेवर घालते. माणसाकडून सगळ्याच अपेक्षा करू नयेत.

कलम ४. शेजारच्या लताबाईंकडे माझं इडलीपात्र आहे. ते मी लताबाईंना देते. तसं ते कायमचं त्यांच्याकडेच आहे. यापुढे ते कायदेशीर होईल.

कलम ५. इंजिनं. इथून नीट वाचावं.

दिवाकर गेला तेव्हा उत्तरा बोलेनाशी झाली. म्हणजे 'भाजी कुठली करू' एवढं बोलायची. सकाळी जिल्हा परिषदेत टायपिंगला जायची, संध्याकाळी यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. मी शिव्या घालून पाहिल्या, लाडू करून पाहिले. पुढच्या वर्षी नाशकात टीव्ही दिसू लागला तेव्हा मी हट्टाने टीव्ही घेतला, आपल्याला दिवाकरच्या आवाजाऐवजी कुठला तरी आवाज हवा म्हणून. रविवारी सकाळी त्यावर 'भोंपू' नावाचं कार्टून लागायचं. परदेशी, पण हिंदी बोलणारं. भोंपू हे एक बुटकं इंजिन. त्याला कुठेही वेळेवर पोचता येत नाही, कारण वाटेत जो हात करेल त्याच्यासाठी तो थांबतो. गाय असली तरी थांबतो. एका रविवारी तो असाच एका कोंबडीसाठी थांबला, कोंबडी आत बसली, आणि तिने उतरताना तिकीट म्हणून अंडं दिलं. उत्तरा हसली. मोठ्याने, पोट धरून. या घरात तसं हसू मी किती दिवसांनी ऐकलं ते मलाच ठाऊक. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग कांदा चिरायला घेतला, म्हणजे विचारलं तर सांगता यावं.

एवढंच आहे माझं वेड. ते हसू घरात राहावं म्हणून मी पहिलं इंजिन घेतलं. ते घरात आलं तेव्हा मात्र असं झालं की मलाच ते खाली ठेववेना. माझ्या लहानपणी आमच्या घरात खेळणं म्हणजे धाकटी भावंडं. मला लहानपण मिळालं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी, रविवारी सकाळी. त्याबद्दल मी कोणाची माफी मागत नाही.

मग आम्ही जमवत गेलो. उत्तराचा भाऊ मस्कतला असतो, त्याने पत्र्याचा भोंपू आणि राणी ही नाकाडी इंजिनीण आणली. पेटूमल, जो कोळसा खातो आणि वर ढेकर देतो, तो भद्रकालीच्या बाजारात जुन्या सामानात मिळाला. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर साळव्यांच्या आई सुलाबाई दर रविवारी वर टीव्ही बघायला येत. त्यांनी माहेरी नांदगावला गेल्या असताना बाजारातून दादाजी आणले. हे कार्टूनमधलं म्हातारं, घोरणारं इंजिन. नांदगावचे दादाजी थोडे तहसीलदारासारखे दिसतात, पण भाव तोच आहे.

रंगाबद्दल. मस्कतच्या भोंपूचा रंग पेटीत घासून पार उडाला होता आणि आमचा टीव्ही काळा-पांढरा. तेव्हा मी आणि उत्तराने पुष्कळ वाद घालून भोंपूला हिरवा रंग दिला. भोंपू हिरवा आहे. या मुद्द्यावर माझ्या पश्चात फेरविचार करू नये.

आता पितळेचा भोंपू, कारण दिवाकरचा मुख्य आरोप त्यावर आहे. तो म्हणतो, 'आई देवघरात इंजिन पुजते.' खरी हकीकत अशी. मोठा भोंपू कुठे मिळेना, म्हणून मी तांबट आळीत सहादू तांबटाला तो करायला सांगितला. चित्र नव्हतं, म्हणून तोंडी सांगितलं की पुढे चेहरा, वर तोटी, खाली चाकं. सहादूने जन्मभर देवाची भांडी आणि मुखवटे घडवले. चेहरा म्हटल्यावर त्याने जो येत होता तो केला. शांत मिटलेले डोळे, कपाळावर गंध, कानात कुंडलं. तोटी म्हटल्यावर त्याने अभिषेकपात्राची तोटी बसवली. मी म्हणाले, अहो सहादू, इंजिनाच्या कानात कुंडलं? तो म्हणाला, बाई, मोकळे कान बरे दिसत नव्हते.

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. उत्तराने घरातलं सगळं पितळ चिंचेने घासलं आणि वाळायला देवघरात मांडलं. गुरुजींचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी समोर दिसेल त्याला हळदकुंकू वाहिलं, भोंपूलाही वाहिलं, वर एक फूल ठेवलं आणि त्याच्या तोटीतून बाळकृष्णाला अभिषेक केला. पूजा झाल्यावर मला हळूच विचारलं, 'हे आपल्याकडे दक्षिणेकडून आलं का?' मी हो म्हणाले. मस्कत दक्षिणेलाच असावं असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि गुरुजींचा हिरमोड करवेना.

लताबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी भोंपूला हात जोडून मुलीच्या लग्नाचा नवस बोलला. पंधरवड्यात मुलीचं जमलं. मुलगा रेल्वेत. लताबाई नारळ घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे, गुण आला ना. पण बातमी कॉलनीभर झाली आणि कोणीतरी ती ठाण्यापर्यंत पोचवली. सबब पितळेचा भोंपू मी लताबाईंना देते. ज्याने नवस बोलला त्याने देव सांभाळावा.

उरलेली सगळी इंजिनं, रुळांसकट, उत्तराची. फक्त राणी सुलाबाईंना द्यावी, कारण ती पडद्यावर आली की त्या सरसावून बसतात आणि म्हणतात, 'आली माझी बाई.'

वकीलसाहेबांनी मला दोनदा समजावलं की कलम पाच गाळा. इंजिनं आजच कोणाला तरी देऊन टाका, मृत्युपत्रात फक्त घर आणि पैसे येऊ द्या, म्हणजे समोरच्याला बोलायला जागा राहणार नाही. सल्ला शहाणपणाचा आहे. पण इंजिनं लपवली तर ती लपवण्यासारखी होती असं मीच कबूल केल्यासारखं होईल. मी सुलाबाईंना विचारलं, लोक मला येडी म्हणतात, काय करू? त्या म्हणाल्या, 'म्हनू द्या. शहान्यांच्या घरी आपल्याला कधी च्या तरी मिळाला का?' म्हणून कलम राहिलं.

कलम ६. साक्षीदार. कायद्याला दोन लागतात. पहिले डॉक्टर जयराम साळवे. ते समोर बसले आहेत. त्यांनी माझी नाडी पाहिली, आजचा वार विचारला, पंतप्रधान विचारले. पंतप्रधानांबद्दल मी जे बोलले त्यावरून मी शुद्धीवर असल्याची त्यांची खात्री पटली. दुसऱ्या लताबाई यायच्या होत्या. दिवाकर चार दिवसांपासून नाशकात आहे, तो त्यांना भेटून आला. आज सकाळी त्यांनी निरोप पाठवला की आम्हाला कोर्टकचेरी नको. भोंपूला नारळ द्यायला चालतो, मला एक सही द्यायला चालत नाही. सुलाबाई माझ्याशेजारीच आहेत, पण ज्याला काही मिळतं त्याची सही घेऊ नये आणि त्यांना तर राणी लिहून दिली आहे, असं डॉक्टर आत्ता म्हणतात. म्हणजे लताबाई आल्या असत्या तरी इडलीपात्र आडवं आलं असतं. राणी परत घेतलेली सुलाबाईंना चालणार नाही, हे मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगू शकते. उत्तराला मी मुद्दाम घोटीला तिच्या मावशीकडे नवा तांदूळ आणायला धाडलं आहे, तिने माझा हात धरून लिहून घेतलं असं कोणी म्हणू नये म्हणून. तर दुसरी सही अजून नाही, आणि तिच्यावाचून वरचं सगळं फुकट आहे.

हे लिहीत असतानाच दिवाकर आला. पुढचं जसं घडलं तसं लिहिते.

तो चपला न काढताच आत आला. म्हणाला, आई, हे बंद कर, कोर्टात तुझंच हसं होईल. मी म्हणाले, आधी वाच. त्याने कागद उचलले आणि उभ्याउभ्या वाचू लागला. कलम एकला त्याने मान खाली घातली. श्रीखंडाला त्याला हसू आलं, ते त्याने आवरलं. पाचव्या कलमात बराच वेळ थांबला. कोंबडीपाशी थांबला की कांद्यापाशी, मला कळलं नाही. मग तो म्हणाला,

'आई, भोंपू हिरवा नाही. निळा आहे.'

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सुलाबाईंनी विचारलं, 'तुला रं काय ठावं?'

दिवाकर माझ्याकडे न बघता म्हणाला की ठाण्याच्या घरी रंगीत टीव्ही आहे. मग त्याने खुर्ची ओढली आणि बसला. दर रविवारी एकटाच लावून बसतो, म्हणाला. तिला आवडत नाही. ती म्हणते, चाळिशीला आलास आणि काय बघतोस.

मला त्याची दया आली. राग तसाच होता, तो गेला नाही, पण दया आली. माझंच पोर आहे. मी त्याला विचारलं, 'दिवाकर, मी वेडी झाले असं तुला खरंच वाटतं, की तसं म्हणणं सोयीचं आहे?'

त्याने कागदांच्या कडा जुळवल्या आणि ते माझ्यापुढे ठेवले.

'सोयीचं आहे,' तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की मला दुसरा साक्षीदार हवा आहे. एकदा सही केली की आई भ्रमिष्ट होती असं तुला कधी म्हणता येणार नाही. घर जाईल, आणि साक्षीदाराला यातून काही मिळणारही नाही. हे मी त्याला दोनदा सांगितलं, डॉक्टरांच्या समोर, म्हणजे पुढे फसवलं असं व्हायला नको. त्याने विचारलं, उत्तरा कुठे आहे? मी म्हणाले, घोटीला, संध्याकाळच्या गाडीने येईल, आणि ती यायच्या आत तू गेलेला बरा. तो 'हो' म्हणाला. मग खिशातून स्वतःचं पेन काढलं.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र पुरं झालं. यातल्या शब्दाला शब्द माझा आहे. भोंपूच्या रंगाबद्दलचं वाक्य मात्र मी खोडत नाही. आमच्या घरातला हिरवाच आहे.

नाशिक, रविवार, दिनांक ६ नोव्हेंबर १९८८

सही : मालिनी ढुंढिराज गायधनी

साक्षीदार

१. डॉ. जयराम काळू साळवे, राहणार याच इमारतीत खालचा मजला. बाईंनी माझ्यादेखत सही केली. त्यांची प्रकृती उत्तम आहे, गुडघे व स्वभाव वगळता.

२. दिवाकर ढुंढिराज गायधनी, राहणार ठाणे. लिहून देणारीचा मुलगा. सगळं वाचलं. आईने माझ्यादेखत सही केली. तेव्हा या खोलीत सर्वांत शहाणी तीच होती.