मोठीच्या हातची कात्री

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवरच बोलले असते, पण तुमच्या कंपनीचं ते विचार करणारं यंत्र सगळं ऐकतं म्हणतात, म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस.

तू कंपनीतून सासूबाईंना आयुष्य वाढवायच्या गोळ्या पाठवल्यास. फार उपकार केलेस! आमच्या शिवणाच्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे. घरात सगळ्यांत मोठी असेल तिने कापड बेतायचं, कापायचं. बाकीच्यांनी मान खाली घालून शिवायचं. लग्न झाल्यापासून मी शिवतेच आहे. पंचाहत्तरी झाली की कात्री तुझी, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. आता ऐंशी झाली. काल तुमच्या यंत्राने त्यांचं रक्त तपासून सांगितलं, एकशे चाळीस वर्षं जगाल. तेव्हापासून बाई जिना पळत चढतात आणि मला म्हणतात, घाई काय आहे, अजून शीक.

यंत्राला सांग, आकडा जरा कमी कर. मरावं असं मी म्हणत नाही. थकावं तरी!

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो, मग घाबरलो. ताई, यंत्राशी घासाघीस चालत नाही. शास्त्रज्ञांना शंभर वर्षांत जमलं नसतं ते औषध त्याने आठवड्यात शोधलं. मी तुझी अडचण त्यालाच विचारली. त्याने लगेच उपाय काढला: तूही गोळ्या घे. तू आज पन्नाशीची, एकशेतीसपर्यंत जगशील, म्हणजे सासूबाईंच्या माघारी चांगली वीस वर्षं कात्री तुझीच.

माझं म्हणशील तर आमचे साहेब नव्वदीत आहेत. निवृत्तीचा समारंभ रद्द करून त्यांनी नवी खुर्ची मागवली. केस पिकले तरी मी अजून त्यांचा नवा मदतनीसच.

सोबत तुझ्यासाठी बाटली पाठवतोय. रागावलीस तरी पत्र टाक, माया असू दे.

तुझा,
धाकटा

ता. २ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

बाटली मिळाली. मी ती आतल्या खोलीत कात्री सोडून अंथरुणाला खिळलेल्या आजेसासूबाईंना दिली. तुला वाटेल, दया आली. दया कसली डोंबलाची! त्या सासूबाईंच्या सासू, शंभरी ओलांडलेल्या. महिन्याभरात उठून बसल्या, आधी चहा मागितला, मग कात्री. रीत म्हणजे रीत. आता सासूबाई माझ्या शेजारी बसून काजं करतात, आणि आजेसासूबाई ती त्यांना उसवायला लावतात. मी पोट धरधरून हसले.

मग डोक्यात उजेड पडला. माझ्यापुढे एक होती, आता दोन झाल्या. माझ्याच हाताने मी रांग वाढवली! मला अक्कल नाही हे तुझ्या यंत्राला सांगू नकोस.

परवा सासूबाई हळूच म्हणाल्या, आपण दोघी वेगळं दुकान काढू. मी विचारलं, कापणार कोण? म्हणाल्या, मोठी असेल ती.

मी तशीच उठले. बाजारातून कात्री आणली आणि कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे अर्धी जागा भाड्याने घेतली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शाळेतले मास्तर. त्यांच्या सदऱ्याची बाही चांगली चार बोटं आखूड कापली. मास्तर असे ओरडले की समोरचे लोक गोळा झाले. आजवर त्या दोघींनी वाकडं कापायचं आणि बोलणी मी खायची. ही चूक मात्र अख्खी माझी होती. काय सांगू, फार बरं वाटलं. मास्तरांना म्हटलं, कापड माझ्या पदरचं घालते, उद्या या. येतो म्हणालेत, बडबडत का होईना.

जास्त लिहीत नाही, दुसरी बाही कापायची आहे. तुझ्या साहेबांना दीर्घायुष्य लाभो आणि तुला थोडी लाज. लोभ आहेच.

तुझी,
ताई